दैव, प्रारब्ध, ग्रह: आधीच ठरलेल्याची शब्दकुळी

'हे आधीच ठरलेलं होतं' असं म्हणायला मराठीत शब्दांची वानवा नाही. दैव, प्राक्तन, प्रारब्ध, नियती, विधिलिखित, नशीब. बोलताना आपण यातला कुठलाही कुठेही वापरतो. पण हे शब्द वेगवेगळ्या घरांतून आलेले आहेत आणि त्यातल्या काहींचं तर एकमेकांशी उघड भांडण होतं.

'सगळंच ठरलेलं आहे, माणसाच्या हातात काही नाही' असं स्पष्टपणे सांगणारा शब्द एकच: नियती. बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोशालाचा आजीवक पंथ हे मत मांडत असे. त्या पंथाचे स्वतःचे ग्रंथ आज उरलेले नाहीत. त्यांचं म्हणणं कळतं ते विरोधकांच्या नोंदींतून. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफल सुत्तात गोशालाचं मत दिलं आहे: बळ नाही, पराक्रम नाही, फेकलेली सुताची गुंडी जशी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसेच शहाणे आणि मूर्ख दोघेही 84 लाख महाकल्प, म्हणजे अतिदीर्घ युगं, फिरून मगच दुःखातून सुटतात. या पंथाला राजाश्रयही होता. बिहारमधल्या बराबरच्या गुहा अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या बाराव्या वर्षी आजीवकांना दिल्याचे शिलालेख तिथे आहेत.

प्रारब्धाचा अर्थ मात्र 'ज्याला सुरुवात झाली आहे ते', एवढाच. वेदान्ताने कर्माचे भाग पाडले. साठलेलं ते संचित, त्यातलं फळ द्यायला लागलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता घडतंय ते क्रियमाण. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायात प्रश्न येतो, की ज्ञान झाल्यावर सगळीच कर्मं नष्ट होतात का? उत्तर असं, की ज्यांचं फळ सुरू झालेलं नाही तीच नष्ट होतात. शंकराचार्यांनी भाष्यात कुंभाराच्या चाकाचा दाखला दिला आहे. चाकाला एकदा वेग मिळाला की तो ओसरेपर्यंत ते फिरतच राहतं. म्हणजे हा मर्यादा घालणारा शब्द आहे. भूतकाळातलं नेमकं किती आता रोखता येत नाही, ते तो सांगतो. बाकीचं मोकळं ठेवतो. 'प्रारब्धच तसं' म्हणून आपण ज्या विषयाला कायमचं कुलूप लावतो, त्याला या शब्दाचा मूळ आधार नाही. मला ही झीज फार लागते, कारण इतका काटेकोर शब्द आपल्याकडे तयार होता.

दैवाचंही तेच. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्माला विचारतो, दैव मोठं की पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न? उत्तरात दैवाला बी आणि प्रयत्नाला शेत म्हणणारं एक मतही येतं, आणि प्रयत्नाविना दैव फळत नाही असा कौल मिळतो. याज्ञवल्क्यस्मृती याहून पुढे जाते. आचाराध्यायात, राजाने कसं वागावं हे सांगताना, दैवाची व्याख्याच दिली आहे: पूर्वीच्या देहात केलेला प्रयत्न आता प्रकट होतो, तेच दैव. आणि एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषकाराविना दैव सिद्ध होत नाही. राज्य चालवणाऱ्याला दैवाची सबब मिळू नये, म्हणून हे श्लोक नेमके तिथे आले असावेत असं मला वाटतं.

अरबीतून फारसीमार्गे आलेला नशीब म्हणजे वाटा. किस्मत म्हणजे वाटणी. भाग्य तर 'भाग'वरूनच. इथे कोणी आधी लिहून ठेवलेलं नाही, फक्त वाट्याला आलेलं आहे. लिहिण्याची कल्पना सटवीची: बाळाच्या कपाळावर लेख लिहिणारी ही देवी म्हणजे संस्कृतातली षष्ठी.

आधीच ठरलेल्या निकालाकडून आधीच ठरलेल्या मताकडे वळलं की एकच धातू सगळीकडे भेटतो: ग्रह्, पकडणे. अथर्ववेदात 'ग्राही' ही माणसाला धरणारी पीडा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना धरणारे नऊ बालग्रह आहेत. सूर्यचंद्रांना धरणारा राहू हाही ग्रह, आणि ते धरणं म्हणजे ग्रहण. आकाशातल्या नवग्रहांनाही हाच शब्द लाभला. मराठीत मात्र 'त्याचा माझ्याविषयी भलताच ग्रह झालाय' असंही आपण सहज बोलतो. पूर्वग्रह, दुराग्रह, गृहीत धरणं ही सगळी त्याच कुळातली. पूर्वग्रहाला 'दूषित' जोडायची सवय वर्तमानपत्री आणि कोर्टकचेरीच्या भाषेत इतकी पक्की झाली, की पूर्वग्रहदूषित हा आता एकच शब्द वाटतो. 'पूर्वकल्पना' दिसायला त्याची सख्खी बहीण, पण तिचा वापर वेगळा आहे. ती आपण दुसऱ्याला देतो: 'येणार असल्याची पूर्वकल्पना दिली होती'. त्यामुळे मनात आधीच धरून बसलेल्या मतासाठी ती नीट बसत नाही.

सगळ्यात नवा पाहुणा म्हणजे फिक्सिंग. त्याआधी ठरवून खेळलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणत. एप्रिल 2000 मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्यावर सामने ठरवल्याचा आरोप ठेवला आणि मॅच फिक्सिंग हा शब्द घरोघरी पोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रोनिएवर आजन्म बंदी आली. आता निवडणूक असो की नोकरीची मुलाखत, 'सगळं फिक्स होतं' असं लोक म्हणतात, आणि ठरवणारा कोण हा प्रश्न लगेच पुढे येतो.