मुलीच्या पहिल्या मेकअपआधी

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की आठवी-नववीतल्या मुली घरी मेकअपचा विषय काढतात. काही घरांत "या वयात कशाला?" म्हणून तो तिथेच मिटतो, तर काही घरांत आई स्वतःचीच फाउंडेशनची बाटली पुढे करते. मनाई केली की मुलगी मैत्रिणीचं सामान वापरते. आईची बाटली तिला मानवेलच असं नाही, कारण चाळिशीतली आणि चौदाव्या वर्षातली त्वचा एकसारखी वागत नाही.

वयात येताना मुलींच्या शरीरातही अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी मोठ्या होतात आणि कपाळ, नाक, हनुवटी तेलकट होऊ लागते. या तेलाला सीबम म्हणतात. त्याच काळात रंध्रांच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून रंध्राच्या तोंडाशी बूच तयार होतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात आणि मुरूम सुजतो. कोरड्या पडू लागलेल्या त्वचेसाठीच्या क्रीममध्ये मात्र अनेकदा कोको बटर, खोबरेल तेल किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट हा त्वचा मऊ करणारा तेलकट घटक असतो. आधीच तेलाने भरलेल्या रंध्रांवर हा आणखी एक थर बसतो. मेकअपमुळे येणारं पुरळ बारीक, त्वचेच्याच रंगाचं, गालांवर आणि हनुवटीवर असतं. ते उठायला काही आठवडे लागतात, म्हणून दोष बाटलीऐवजी चॉकलेटला आणि तळणाला दिला जातो. कपाळावर केसांच्या रेषेलगतच पुरळ असेल, तर रात्री केसांना चोपडलेल्या तेलाकडेही पाहावं.

खरेदी करताना 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) आणि 'ऑइल-फ्री' लिहिलेलं घ्या. हे शब्द हमी देत नाहीत, तरी निवड करायला उपयोगी पडतात. घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली नसेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

पहिल्या वर्षाला सामान थोडंच लागतं: सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, किंचित रंगाचा लिप बाम, काजळ पेन्सिल आणि एक कन्सीलर. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, ५च्या आसपास असतो, साबणाचा ९ ते १०. चेहरा ओढल्यासारखा होतो तो त्यामुळेच. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढून मोजा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. फाउंडेशनवर छापलेल्या एसपीएफवर, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्या आकड्यावर, विसंबू नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो आणि इतकं फाउंडेशन कोणीच लावत नाही.

सगळ्या चेहऱ्याला फाउंडेशन लावायची या वयात गरज नसते. मुरमाचा लाल ठिपका झाकायला तांदळाच्या दाण्याएवढा कन्सीलर पुरतो. मॉइश्चरायझर मुरल्यावर तो ठिपक्याहून जरासा मोठा लावा, अनामिकेने फक्त कडा थोपटा आणि मध्यभाग तसाच राहू द्या. मधोमध चोळलं की झाकलेलं सगळं निघून जातं. रंगाची छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहावी आणि दहा मिनिटं थांबावं, कारण त्वचेचं तेल शोषलं की रंग गडद दिसतो. उजळ दिसावं म्हणून एक छटा फिकी घेतली, तर सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. फिक्या छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं आणि फ्लॅशच्या फोटोत ते आणखी उठून दिसतं. मुलीचा रंग आहे तसाच राहू देणारी छटा हीच बरोबर छटा, आणि हे तिला घरातल्या मोठ्यांनी मोठ्याने सांगावं.

काजळाबाबत एक गोष्ट आरशात दाखवून शिकवावी. खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापण्यांच्या केसांमागे ओलसर गुलाबी कड दिसते. या कडेवर मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडं एका रांगेत असतात. त्यांतून येणारं तेल अश्रूंवर पसरतं आणि डोळा लवकर कोरडा होऊ देत नाही. काजळ त्या कडेवर फिरवलं की मेणकट रंग तोंडांवर बसतो. डोळे चुरचुरतात, कधी रांजणवाडी होते. रेघ केसांच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला ओढली की डोळा तेवढाच उठून दिसतो. काँटॅक्ट लेन्स असेल तर आतली कड पूर्ण वर्ज्य. खड्याचा सुरमा बाळगूच नये, कारण तो पारंपरिकरीत्या गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडपासून बनतो. गॅदरिंगच्या मेकअपखोलीत एकच पेन्सिल वीस मुलींच्या डोळ्यांतून फिरते आणि डोळे येण्याची साथ तशीच पसरते. प्रत्येकीची पेन्सिल आणि स्पंज वेगळा हवा. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा. इतर वस्तूंवर उघड्या डबीचं चित्र आणि आत 6M किंवा 12M असं असतं. ते उघडल्यानंतरचे महिने. उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहून ठेवावी.

नवीन वस्तू थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहा. अ‍ॅलर्जी पहिल्या तासात दिसेलच असं नाही, खाज अनेकदा दोन-तीन दिवसांनी सुटते. म्हणून कार्यक्रमाचं सामान आदल्या दिवशी आणून चालत नाही.

मेकअप लावण्याआधी तो काढायला शिकवलं तर निम्मे त्रास टळतात. मायसेलर वॉटरमध्ये बुडवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर २०-३० सेकंद नुसता धरून ठेवावा. त्यातले मायसेल, म्हणजे एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्याने पाण्याला धरणाऱ्या रेणूंचे गोळे, तेवढ्या वेळात रंग सैल करतात. मग कापूस खाली ओढावा, मागेपुढे घासू नये. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, आणि आपल्या त्वचेवर घर्षणाचे काळे डाग लवकर पडतात. त्यानंतर फेसवॉशने चेहरा धुवावा, 'धुवायची गरज नाही' असं बाटलीवर लिहिलं असलं तरी.

मुलीच्या कपाटात 'गोरं करणारी' औषधी ट्यूब सापडली तर तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी नाव आहे का ते वाचा. ही स्टिरॉइड्स आहेत. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरूम उसळतात. कित्येक महिने लावलेली ट्यूब एकदम थांबवली की चेहरा लाल होऊन आग होते आणि मुलगी घाबरून पुन्हा तीच लावते. म्हणून रागावण्याआधी ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि ती कशी सोडायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.