गोळी मेंदूच्या दारापर्यंत जाते, पुढे काय?

अंगावर पित्त उठलं किंवा शिंकांनी हैराण झालो म्हणून एव्हिल घेतली, की तासाभरात डोळे मिटायला लागतात. त्याच तक्रारीवर फेक्सोफेनाडिन घेतली तर शिंका थांबतात, पण झोप येत नाही. दोन्ही गोळ्या करतात तेच: पेशींवर हिस्टामिन जिथे जाऊन बसतं ती जागा अडवतात. तरी एक झोपवते आणि दुसरी नाही.

हिस्टामिन नाकात शिंका आणतं, कातडीवर गांधी उठवतं आणि मेंदूत माणसाला जागं ठेवतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये हिस्टामिन बनवणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि त्याचे धागे साऱ्या मेंदूभर पसरलेले असतात. एव्हिल किंवा तिच्याच जातीची जुनी गोळी सीपीएम (क्लोरफेनिरामिन) आत शिरून तिथलीही जागा अडवतात. जपानमधल्या संशोधकांनी पेट स्कॅन काढून हे प्रत्यक्ष मोजलं. जुन्या गोळ्यांच्या नेहमीच्या डोसने मेंदूतल्या जवळपास निम्म्या जागा अडतात, फेक्सोफेनाडिनने जवळजवळ एकही नाही. सेटिरिझिन यांच्या मधली, म्हणून ती काहींना पेंगुळवते आणि काहींना काहीच करत नाही.

औषधाला पत्ता माहीत नसतो. दुखऱ्या जागेचा शोध घेत ते जात नाही. गोळी आतड्यातून यकृतात जाते, तिथे तिचा काही भाग मोडला जातो आणि उरलेला रक्ताबरोबर अंगभर फिरतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदय ढकलतं त्या रक्तातला 15 ते 20 टक्के वाटा त्याचा. त्यामुळे रक्तात मिसळलेली कुठलीही गोष्ट मेंदूच्या दारात फार लवकर हजर होते. बिडीच्या एका झुरक्यातलं निकोटिन फुफ्फुसातून मेंदूपर्यंत जायला दहा-वीस सेकंद पुरतात. मिश्रीतलं तेच निकोटिन हिरड्यांतून सावकाश झिरपतं. लत लागण्यात या वेगाचा वाटा मोठा असतो. मिश्रीची लत लागत नाही असा मात्र त्याचा अर्थ कुणी काढू नये.

दारात पोचणं सोपं, आत जाणं अवघड. 1885 च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात रंग टोचत होते. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदूला त्या रंगाचं वावडं असेल असा त्यांनी तर्क केला. तो चुकीचा होता, आणि ते त्यांच्याच शिष्याने दाखवून दिलं. एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला. या वेळी मेंदू निळाशार झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग घेत होता, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवं येत होतं.

ते काय, हे दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. 1967 मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी दाखवलं, की हा अडथळा म्हणजे वेगळा पडदा वगैरे काही नाही. केशवाहिन्यांचं अस्तरच तो अडथळा आहे. इतर अवयवांत या अस्तराच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यांतून रसायनं सहज ये-जा करतात. मेंदूत या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. मेंदूतल्या सगळ्या केशवाहिन्या सरळ केल्या तर लांबी सुमारे 600 किलोमीटर भरते, आणि एवढ्या लांबीत हा सांधा जवळपास सगळीकडे पक्का असतो. फटीतून जाता येत नाही म्हटल्यावर पेशीच्या आरपारच जावं लागतं. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, तेव्हा लहान आणि तेलात विरघळणारे रेणू त्यातून निसटतात. दारू निसटते, निकोटिन निसटतं, भूल देणारे वायूही निसटतात.

अफूतल्या मॉर्फिनला हे चांगलं जमत नाही. त्याच्या रेणूला दोन ठिकाणी ॲसिटिल गट (अणूंचे छोटे जुडगे) जोडले की तो तेलात जास्त विरघळतो, आणि त्या रेणूचं नाव हेरॉइन. उंदरांवरच्या मोजणीत रक्त मेंदूतून एकदा फिरलं तेवढ्यात हेरॉइनचा बराच मोठा भाग आत गेला, मॉर्फिन मोजता येण्याइतकंही गेलं नाही. आत पोचलेलं हेरॉइन मोडून पुन्हा त्याचं मॉर्फिनसारखंच रसायन होतं. ज्या दोन गटांमुळे ते लवकर आत शिरलं, ते गट आत गेल्यावर गळून पडतात. 1898 मध्ये बायर कंपनी हे खोकल्याचं औषध म्हणून विकत होती!

निव्वळ तेलात विरघळण्यावर सगळं भागलं असतं तर औषध बनवणाऱ्यांचं काम सोपं झालं असतं. पण अस्तराच्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. विनातिकीट चढलेल्याला घंटी मारून तिथल्या तिथे खाली उतरवणाऱ्या एसटीच्या कंडक्टरसारखं ते वागतं: आत घुसू पाहणारा रेणू धरून परत रक्तात टाकतं.

त्याचं महत्त्व एका अपघातातून कळलं. ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले होते, कॅन्सरच्या औषधांचा अभ्यास करायला. ते व्यवस्थित जगत होते. मग पिंजऱ्यांत माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक किडे झाले, म्हणून सगळ्या उंदरांवर आयव्हरमेक्टिन हे जंत आणि किडे मारणारं औषध फवारलं. साधे उंदीर बरे राहिले, हे उंदीर मात्र पटापट मेले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आकडा आहे: या उंदरांच्या मेंदूत साध्या उंदरांच्या सुमारे 87 पट आयव्हरमेक्टिन साठलं होतं. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन का सोसत नाही, त्याचंही उत्तर पुढे 2001 मध्ये सापडलं. त्यांच्यात याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं.

मे 2021 मध्ये गोवा सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं, तेव्हा कोविडवर त्याचा उपयोग होतो का यावर भरपूर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. जंतांच्या चेतापेशी बंद पाडणारं हे औषध आपल्या चेतापेशींना एरवी का त्रास देत नाही, हे मात्र त्या गदारोळात कुणी फारसं सांगितलं नाही. आपल्या मेंदूतही त्याचा परिणाम होऊ शकेल अशा जागा आहेत. नेहमीच्या डोसमध्ये ते तिथवर पोचत नाही, एवढंच. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडचंही तसंच. ते अफूच्या कुळातलं, आतड्यात मॉर्फिन जिथे बसतं तिथेच बसतं. पण मेंदूच्या दारातून हेच प्रथिन त्याला परत पाठवतं, म्हणून नेहमीच्या डोसला जुलाब थांबतात आणि नशा चढत नाही.

आता ज्या औषधाने ही भिंत सगळ्यात हुशारीने ओलांडली, त्या पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाकडे येतो. त्याची गोष्ट अर्धी मुंबईची आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती, झोपेसाठी आणि उन्मादासाठी. रक्तदाबावर ती चालते हे साऱ्या जगापुढे आणलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा लेख आला आणि परदेशातले डॉक्टर या मुळीकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातलं मुख्य रसायन वेगळं केलं, रेसरपिन. रक्तदाब उतरायचा, पण काही रोग्यांना फार उदास वाटायचं, आणि मोठ्या डोसवर हातपाय थरथरायचे, हालचाल मंदावायची. हुबेहूब पार्किन्सनसारखं.

1957 मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. डोपामिन म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देताना वापरतात ते एक रसायन, आणि रेसरपिन त्याची चेतापेशींमधली साठवण रिकामी करतं. मग कार्लसन यांनी त्यांना डोपामिन दिलं नाही. ते रक्तातून मेंदूत जातच नाही. त्यांनी दिलं डोपा, म्हणजे डोपामिन व्हायच्या एक पायरी आधीचं रसायन. थोड्याच वेळात ससे कान टवकारून उड्या मारायला लागले. तोवर डोपामिनकडे दुसरी रसायनं बनवताना लागणारा कच्चा माल म्हणूनच पाहिलं जात होतं. या कामाबद्दल कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. डॉ. वकील यांचं नाव हृदयरोगतज्ज्ञांबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, हे मला नेहमी खटकतं.

1960 मध्ये व्हिएन्नात होर्निकेविच यांनी पार्किन्सनने गेलेल्यांचे मेंदू तपासले आणि त्यांच्यात डोपामिन अगदी कमी सापडलं. पुढच्याच वर्षी रोग्यांना लेव्होडोपा, म्हणजे औषध म्हणून दिलं जाणारं डोपा, टोचून पाहिलं गेलं. 1967 मध्ये अमेरिकेत कॉट्झियास यांनी तोंडावाटे डोस हळूहळू वाढवत नेला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली.

डोपा आत कसं जातं? ते अमिनो आम्ल आहे, आणि मेंदूला अमिनो आम्लं लागतात. ल्यूसिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन यांना आत नेणारं एक वाहक प्रथिन अस्तरावर असतं. डोपाचा चेहरामोहरा त्यांच्यासारखाच, म्हणून त्याच गर्दीतून तेही आत सरकतं.

पण शरीरभर एक विकर (एन्झाइम) डोपाचं डोपामिन करायला टपलेलं असतं. तोंडावाटे घेतलेल्या डोपाचा बहुतेक भाग मेंदूबाहेरच डोपामिन होऊन वाया जायचा आणि माणूस ओकून ओकून थकायचा. त्यावरचा तोडगा घरोघरच्या पार्किन्सनच्या रोग्यांकडच्या पाकिटावर छापलेला आहे. सिन्डोपा 110 म्हणजे 100 मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि 10 मिलिग्रॅम कार्बिडोपा. प्लस 125 म्हणजे 100 आणि 25. कार्बिडोपा ते विकर बंद पाडतं, आणि स्वतः मात्र मेंदूत जाऊ शकत नाही. म्हणून विकर बाहेर बंद पडतं आणि आत चालू राहतं. एक औषध भिंत ओलांडतं म्हणून निवडलं, दुसरं ओलांडत नाही म्हणून. मला तरी याहून सुंदर गोळी माहीत नाही.

तरी काहींना मळमळतंच. त्यालाही कारण हीच भिंत आहे. उलटी घडवून आणणारं केंद्र मेंदूच्या देठापाशी आहे आणि तिथे मुद्दामच भिंत नाही, रक्तात विष आलं तर कळावं म्हणून. ते केंद्र डोपामिन ओळखतं. डॉक्टर यावर डोम्पेरिडोन देतात, कारण ते या उघड्या जागी काम करतं आणि आत मेंदूत फारसं शिरत नाही. मेटोक्लोप्रामाइडही उलटी थांबवतं, पण ते आत शिरून तिथलंच डोपामिन अडवतं. पार्किन्सनच्या माणसाला चुकून ते दिलं तर पाय आणखी जड होतात. घरात असा रोगी असेल तर केमिस्टकडून उलटीची गोळी आणताना नाव वाचून घ्यावं.

खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. 1937 मध्येच मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं केलं होतं. त्या बियांची पूड बाजारात मिळते आणि "आयुर्वेदिक आहे, काय होतंय" म्हणून गोळीच्या जोडीने घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पोटात तेच औषध दोनदा जातं, दुसऱ्यांदा किती ते मोजता येत नाही.

आजार जुना झाला की रोगी आणि घरचे "ऑन" आणि "ऑफ" असे शब्द वापरायला लागतात. सुरुवातीला उरलेल्या चेतापेशी डोपामिन साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्या पुरतात. पेशी कमी होत जातात तशी साठवण संपते आणि रक्तातली पातळी उतरली की माणूस उतरतो. मग कुणी सकाळी दहाला व्यवस्थित चालत असतो आणि जेवणानंतर अडीचला खुर्चीतून उठताही येत नाही. गोळी चुकलेली नसते. दुपारच्या ताटातलं पनीर, अंडं किंवा वाटीभर उसळ पचून त्यातली अमिनो आम्लं रक्तात आलेली असतात, आणि तीही त्याच वाहकासाठी रांगेत असतात. गर्दीत डोपा मागे पडतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. प्रथिनं बंद करायची नसतात, वजन उतरतं. ज्यांना हा चढउतार फार जाणवतो त्यांना डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ वेळ बदलून देतात: दुपारी भात-भाजी, आणि मासे, डाळ, पनीर रात्री, जेव्हा फार चालायचं नसतं.