संगणकीय कालगणना

संगणकीय कालगणना : तारीख, वेळ आणि निरनिराळ्या दिनदर्शिका सॉफ्टवेअरमध्ये साठवण्याचे, एकीतून दुसरीत नेण्याचे व वाचकाला दाखवण्याचे तंत्र. वरवर हे बेरीज-वजाबाकीचे काम वाटते. प्रत्यक्षात ‘आज तारीख काय?’ याचे उत्तर विचारणारा कुठे उभा आहे आणि कोणत्या नियमाने मोजतो यावर ठरते. या क्षेत्रातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

क्षण आणि तारीख : युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली व तिच्या वंशातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही मूल्ये घेणाऱ्या) आकड्यात ही मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. ६४ बिटांत ती चिंता राहत नाही. सेकंदांचा हा आकडा क्षण दाखवतो, तारीख नव्हे. पुण्यात कोणाचा वाढदिवस ‘१९ फेब्रुवारी, मध्यरात्र’ असा क्षण म्हणून साठवला, तर ग्रिनिचच्या हिशेबाने ती १८ तारखेची संध्याकाळी साडेसहाची वेळ होते आणि न्यूयॉर्कमधल्या नातवाच्या फोनवर आजीचा वाढदिवस एक दिवस आधीच उगवतो. वाढदिवसाला घड्याळ नसते. तो नुसती तारीख म्हणूनच ठेवावा. उलट, लंडनमधली पुढच्या वर्षीची बैठक स्थानिक वेळ आणि कालविभागाचे नाव अशा जोडीने ठेवावी लागते, कारण उन्हाळी वेळेचे नियम तिथली सरकारे मधेच बदलू शकतात.

कालविभाग : जगभरच्या अशा नियमांचा इतिहास एका सामायिक माहितीकोशात सांभाळला जातो आणि बहुतेक संगणक व फोन त्यावर चालतात. त्यात भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या एकाच नावाने आहे. आजच्या साडेपाच तासांच्या वेळेला ती पुरते, जुन्या मुंबईला नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. तो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. शिवाय दुसऱ्या महायुद्धात देशाची घड्याळे काही काळ तासभर पुढे केली होती. १९४३ साली मुंबईत जन्मलेल्या माणसाची कुंडली मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला म्हणूनच आधी विचारावे लागते की कागदावरची वेळ कोणत्या घड्याळाची. हा प्रश्न न विचारता लग्नरास सांगणारी ॲप्स पुष्कळ आहेत.

जुन्या तारखा : ग्रेगरी दिनदर्शिका सुरू झाली तेव्हा १५८२ च्या ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत ज्युलियन पद्धतीवर राहिले. शिवकालातल्या प्रचलित इंग्रजी तारखा या ज्युलियन आहेत. शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जेधे शकावली या जुन्या कालनोंदीत वार शुक्रवार दिला आहे. १९ फेब्रुवारी १६३० हे तिचे ज्युलियन रूप. संगणकाला या तारखेचा वार विचारला तर तो मंगळवार सांगतो, कारण ग्रेगरी नियम मागे कितीही ताणणाऱ्या आणि १५८२ ला पद्धत बदलणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या लायब्ऱ्या (प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार कोडसंच) १६३० साल ग्रेगरीच धरतात. ग्रेगरी तारीख १ मार्च येते, आणि तो शुक्रवारच आहे. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ असाच १६ जून होतो. यंत्र इथे चुकत नाही. आकड्यासोबत दिनदर्शिकेचे नाव नोंदवलेले नसते.

राष्ट्रीय दिनदर्शिका : मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ही दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, लागू झाली. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ती अगदी शहाणी आहे. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. पुढचे पाच महिने ३१ दिवसांचे, उरलेले सहा ३० चे. शकात ७८ मिळवून लीप वर्ष ओळखता येते. घोटाळा होतो तो नावांचा. ९ एप्रिल २०२४ च्या गुढीपाडव्याला पंचांगात चैत्र शुद्ध १ होती आणि राष्ट्रीय तारीख २० चैत्र. शक दोन्हीकडे १९४६च.

पंचांग : इथे ठरावीक दिवसांचे कोष्टक संपते आणि आकाशाचे गणित सुरू होते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती बदलती असल्याने तिला साधारण १९ ते २६ तास लागतात. सूर्योदयाची तिथी त्या दिवसाला मिळते, म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते तर एखादी एकही नाही. तिथीचा रकाना १ ते ३० अशा अनुक्रमांकाने बांधला की वृद्धी आणि क्षय तिथींना तो कोलमडतो. महिन्याचेही तसेच : २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा श्रावणाला अनुक्रमांकाबरोबर ‘अधिक’ की ‘निज’ (नेहमीचा) हेही नोंदवावे लागले. सणांचे नियम तर आणखी वेगळे. गणेश चतुर्थीला माध्यान्हीची तिथी पाहतात, संकष्टीला चंद्रोदयाची, त्यामुळे गाव बदलले की उत्तर बदलू शकते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपल्याकडची श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदातली असते, दिवस मात्र तोच.

गणित अचूक असूनही दोन प्रोग्रॅमचे अधिक महिने कधीकधी जुळत नाहीत. ज्या चांद्र महिन्यात सूर्य नव्या राशीत जात नाही, म्हणजे संक्रांत पडत नाही, तो अधिक. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर चित्रा ताऱ्यावरून मोजणारा चित्रापक्ष आणि रेवती ताऱ्यावरून मोजणारा टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष या दोन मतांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे सूर्यसंक्रांत कधी अमावास्येच्या अलीकडे पडते, कधी पलीकडे. म्हणून तिथीसोबत गाव आणि पक्ष हे दोन रकानेही ठेवावे लागतात.