पटांगणातलं कलादालन : चित्रं शाळेपर्यंत नेण्याची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात एक बस उभी राहते आणि आत पाहावं तर सीटच्या जागी आजच्या चित्रकारांची कामं मांडलेली. फिरतं कलादालन म्हणतात ते हेच. त्याचं आजचं रूप युरोप-अमेरिकेतलं आहे, यात वाद नाही. पण चित्रं घेऊन गावोगाव हिंडायची चाल मराठवाड्याला नवी नाही. उलट गेल्या पावणेदोनशे वर्षांत इथली चित्रं बाहेर जात राहिली आणि बाहेरची चित्रं इकडे यायची कुठलीच सोय झाली नाही. फिरत्या कलादालनाचा विचार मराठवाड्यापुरता करायचा, तर ही एकतर्फी वाहतूक आधी समजून घ्यावी लागते.

जुन्यापासून सुरुवात करू. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात आजचा बराचसा मराठवाडा होता. त्यांच्यातला तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख त्यात येतो. पुढे हेच चित्रकथी. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, त्यांची पोथी करायची आणि गावात मुक्काम टाकून रात्री दिव्याच्या उजेडात एकेक चित्र पुढे धरत आख्यान लावायचं. या चित्रांची एक शैली ‘पैठणची चित्रं’ म्हणूनच ओळखली जाते. मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, ठसठशीत लाल-हिरवा रंग आणि युद्धाचे प्रसंग असले की अख्खा कागद भरलेला. यातल्या बऱ्याच पोथ्या आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. परंपरा जिवंत राहिली ती कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने जपली म्हणून. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पैठणात मात्र नाव उरलं.

अजिंठ्याची गोष्ट याहून बोलकी. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी चित्रकार भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती करत बसला. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं ठळक नाव. बरीच वर्षं काही-काही महिने लेण्यांत राहून त्यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या. १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाला आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार आल्या, त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले. बंगालच्या नव्या चित्रकलेला अजिंठ्याने काय दिलं यावर पुस्तकं आहेत. नंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली लेण्यांची जपणूक केली, हे काम खरोखर मोलाचं. पण प्रतिकृतींचं दालन उभं राहिलं ते हैदराबादच्या पब्लिक गार्डनमध्ये.

म्हणजे लंडन, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद. अजिंठ्यावरून शिकले ते या शहरांतले चित्रकार. सिल्लोड किंवा सोयगावच्या शाळेतल्या मुलाच्या वाट्याला सहलीची एक दुपार आली, आणि अंधाऱ्या लेण्यात पुढच्याच्या डोक्यावरून जे दिसेल ते. तीही लेणी जवळ म्हणून. देगलूर किंवा उमरग्याच्या मुलाला तेवढंही सोपं नाही.

शाळेतल्या चित्रकलेचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे.च्या आधाराने चित्रकलेचं शालेय शिक्षण उभं राहिलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळा मोजक्या, वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाड्याचे त्या वेळचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि मग एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचं जाळं इथे पसरलं. या परीक्षांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन एवढ्या शिदोरीवर खेड्यातली कितीतरी मुलं ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून कलाशिक्षक झाली, साइनबोर्ड रंगवून पोटाला लागली. दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षेला बसणारेही वाढले. उणीव आहे ती दुसरीकडे. मुलं काढतात भरपूर, पाहत मात्र काहीच नाहीत. संकल्पचित्रात फुलं-पानं बसवून ए ग्रेड मिळवलेल्या मुलीने खऱ्या चित्रकाराचं एकही मूळ चित्र समोरासमोर पाहिलेलं नसतं. त्यासाठी देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची. जहांगीर आर्ट गॅलरी तिथे १९५२ पासून आहे, दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ पासून आणि त्याची मुंबईची शाखा १९९६ पासून. यांतलं काहीही परभणीच्या वाटेवर नाही.

हाच पेच इतर देशांनाही पडला होता. रशियातल्या काही चित्रकारांनी १८७० मध्ये फिरत्या प्रदर्शनांची संस्था काढली आणि राजधानीबाहेरच्या शहरांत चित्रं नेली. पण ती मोठ्यांसाठी. शाळा डोळ्यांपुढे ठेवून काम झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये. ब्रेंडा रॉन्सली यांनी १९४६ पासून नामवंतांच्या शिळाछापाच्या (लिथोग्राफ) चित्रांची मालिका शाळांना स्वस्तात पुरवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी थेट पिकासो आणि मातीस यांच्याकडून चित्रं करून घेतली, मात्र पैशांचं गणित काही जमलं नाही. नॅन यंगमन या कलाशिक्षिकेने १९४७ पासून १९६९ पर्यंत ‘पिक्चर्स फॉर स्कूल्स’ ही प्रदर्शनं भरवली. तिथे शिक्षण खात्यांनी हयात चित्रकारांची मूळ कामं विकत घ्यायची आणि शाळांना आळीपाळीने लावायला द्यायची, अशी योजना. कामं परवडतील अशा किमतीत असत आणि चित्रकारांनाही गिऱ्हाईक मिळे. यातून घडलेले काही संग्रह अलीकडे काटकसरीच्या नावाखाली लिलावात निघाले. हर्टफर्डशायरने आपला बराचसा संग्रह २०१९ मध्ये विकला.

चाकांवरचं दालन अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संग्रहालयाने १९५३ मध्ये सुरू केलं. स्कॉटलंडची बस १९७८ पासून समकालीन कला घेऊन फिरते आहे. फ्रान्समध्ये २०११ साली दोन प्रयोग झाले आणि दोन्हींकडून शिकण्यासारखं आहे. पॅरिसच्या पॉम्पिदू या आधुनिक कलेच्या केंद्राने रंगीत तंबूंचं फिरतं संग्रहालय काढलं. आत मूळ कलाकृती, बाहेर कडक बंदोबस्त. खर्च झेपेना म्हणून २०१३ मध्ये ते गुंडाळलं. २०११ मध्येच इंग्रिड ब्रोशार यांनी ‘म्युमो’ हा ट्रक रस्त्यावर आणला, मुलांसाठी, लहान गावांसाठी. तो टिकला. आकार लहान, मुक्काम थोडा आणि शिकवणारी माणसं सोबत, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

आपल्याकडे ही वाट आधी विज्ञानवाल्यांनी पाडली. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं आणि पुढे देशभर तशा बसगाड्या झाल्या. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना शाळेत आलेली विज्ञानाची बस आठवते, चित्रांची आठवत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस चालवली, पण तिचा भर इतिहास आणि संस्कृतीवर. समकालीन चित्रकलेच्या बाबतीत ठळक नाव सुधीर पटवर्धन यांचं. या चित्रकाराने २००८च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे आधुनिक भारतीय चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं. मूळ कामं, मराठीतून माहिती, चित्रकाराशी बोलणं. शहरांच्या पुढे तालुक्याला आणि शाळेत मात्र कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मराठवाड्यात असं दालन आणायचं तर काय न्यावं, हा प्रश्न उरतो. प्रतिकृती आणल्या की काम सोपं, विमा नको, उन्हाची फिकीर नको. पण छापील अजिंठा मुलांनी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. दोन-चार का होईना, मूळ कामं हवीत. प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातले. कोळशाने कोळसा खाणीतली माणसं काढतात. असं चित्र पाहिल्यावर आपल्या गावातली चारा छावणी, टँकरपुढची रांग हाही चित्राचा विषय होतो, हे शिक्षकाला सांगावं लागणार नाही. कागद आणि कोळसा उन्हाधुळीत सांभाळणं अवघड नक्कीच आहे. एप्रिल-मेचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बसमधल्या एसीला जनरेटर लागणारच.

दुसरी अडचण माणसांची. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तरच अंशकालीन कला निदेशक सांगितला आहे. वाडी-तांड्यावरच्या लहान शाळा त्यातून आपोआप गळतात. बस निघून गेल्यावर त्या चित्रांबद्दल बोलायला तिथे गणिताचेच गुरुजी असतात, आणि त्यांनाच आधी दोन दिवस तयार करायला हवं.

आणि वेळापत्रक. हिवाळा फिरायला उत्तम, म्हणून कुणीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी असाच दौरा आखेल. नेमके त्याच महिन्यांत बीड आणि धाराशिवकडची ऊसतोड कामगारांची मुलं आई-बापाबरोबर कारखान्यांच्या फडावर गेलेली असतात, काही हंगामी वसतिगृहात असतात. बीड जिल्ह्यात बस न्यायची तर शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत, पावसाची उघडीप बघून न्यावी, किंवा सरळ कारखान्याच्या तळावर न्यावी.