कार्डावरचा टक्का कुणाच्या गल्ल्यातून जातो?

सांगलीच्या गणपती पेठेत पाच हजारांचा किराणा भरून गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड पुढे केलं, की दुकानदार आधी विचारतो, "स्कॅन करता का?" गिऱ्हाइकाला वाटतं, हा उगाच आढेवेढे घेतोय. पण त्याचा हिशेब बघा. कार्डाने पैसे घेतल्याबद्दल बँक दुकानदाराकडून दोन टक्के कापते असं धरलं तर शंभर रुपये जातात, त्या शंभरावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. साखर-तेलात चार टक्के सुटत असतील तर या बिलावर त्याची कमाई दोनशे. त्यातले ११८ गेले. कपात विक्रीवर होते, नफ्यावर नाही. शिवाय दुकानदार कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर त्या अठरा रुपयांची वजावटही त्याला मिळत नाही.

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात पोचवायचा तर कुणाला तरी मजुरी द्यावी लागते, हे व्यापारी पेठांना जुनंच ठाऊक आहे. हुंडीवर, म्हणजे पैसे पाठवायच्या चिठ्ठीवर, सराफ हुंडणावळ घ्यायचे, परक्या नाण्यावर बट्टा कापायचे. पण तो दर समोरासमोर ठरायचा आणि पैसे पाठवणाऱ्याला तो बहुधा ठाऊक असायचा. कार्डाने ही रीत उलटी केली. पैसे देणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही, घेणाऱ्याच्या खात्यात मात्र कमी येतात.

याचं मूळ १९५० च्या न्यूयॉर्कमध्ये आहे. डायनर्स क्लबचं कार्ड घेणाऱ्या रेस्टॉरंटकडून तेव्हा सात टक्के कापले जात. कार्डवाला सढळ हाताने खर्च करतो, तेव्हा गिऱ्हाईक आणून दिल्याचे पैसे हॉटेलमालकाने द्यावेत, असा तो सौदा होता. भारतात १९८० मध्ये सेंट्रल बँकेने आपलं क्रेडिट कार्ड काढलं. तेव्हाही कार्ड चालायचं ते मोठी हॉटेलं आणि शहरांतल्या बड्या दुकानांत, जिथे नफ्याचं प्रमाण भरपूर. तोच सौदा पुढे जसाच्या तसा चार टक्क्यांवर जगणाऱ्या किराणा दुकानात आला, आणि माझ्या मते सगळी अडचण तिथून सुरू झाली.

कापलेल्या पैशाला 'एमडीआर' (मर्चंट डिस्काउंट रेट) म्हणतात. त्याचा मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारख्या जाळ्याकडे, आणि उरलेला दुकानात मशीन बसवणाऱ्या बँकेकडे. दुकानदाराची गाठ फक्त या शेवटच्या बँकेशी असते, म्हणून दर कमी करा असं तिला कितीही म्हटलं तरी तिच्या हातात फारसं काही नसतं.

डेबिट कार्डात गिऱ्हाइकाचे स्वतःचेच पैसे असतात, उधारीची जोखीम नाही. मग त्यावर क्रेडिटसारखा दर का? रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डावर मर्यादा घातली : दोन हजारांपर्यंत ०.७५ टक्के, त्यावर एक टक्का. २०१३ मध्ये, दुकानदारांनी हा खर्च डेबिट कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून वेगळा वसूल करणं योग्य नाही, असंही बजावलं.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली. सुट्ट्या पैशांची बोंब, एटीएमपुढे रांगा, आणि पेठेत घाईघाईने मशीनं आली. आमच्याही दुकानात आलं. दरमहा भाडं कापलं जाईल हे करारात छापलेलं होतं, पण तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्याचं खातं जुळेना तेव्हा कळलं. वर्षअखेरपर्यंत डेबिटवरचा एमडीआर माफ होता. जानेवारी २०१७ पासून हजारापर्यंत पाव टक्का आणि दोन हजारांपर्यंत अर्धा टक्का झाला. त्याच महिन्यात पेट्रोल पंपचालकांनी कार्ड घेणं बंद करण्याचा इशारा दिला होता. त्यांचं कमिशन ठरलेलं, त्यातून टक्का कुठून द्यायचा? किराणावाल्याचं दुखणं तेच, फक्त त्याच्यामागे संघटनेचा तेवढा जोर नव्हता.

जानेवारी २०१८ पासून बिलाच्या रकमेऐवजी दुकानाच्या उलाढालीवर दर ठरला. वर्षाला वीस लाखांपर्यंत विक्री असेल तर डेबिटवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के. बँकेने आपली नोंद कोणत्या गटात केली आहे, हे लहान दुकानदाराने विचारून घ्यायलाच हवं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवरचा एमडीआर शून्य झाला. क्रेडिट कार्डावर मात्र रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा आजही नाही.

शून्य म्हणजे खर्च संपला असं नाही. २०२४-२५ साठी केंद्राने लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहनाची, सुमारे १,५०० कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे मजुरीचा काही भाग सरकारी तिजोरीतून जातो. २०१६ च्या जुलैत राज्याने फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे बाजार समितीतल्या अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली, तेव्हाही अडत राहिली, फक्त देणारा हात बदलला. मला ते पाऊल योग्य वाटलं होतं, आणि यूपीआयचंही वाटतं, कारण दोन्हीकडे ओझं सगळ्यात अशक्त खांद्यावरून उतरलं.

२०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत यावर काही लागत नाही, त्यापुढे लागतं. गिऱ्हाईक तोच स्कॅनर वापरतं, साउंड बॉक्स तशीच रक्कम पुकारतो. ही सोय चालू असेल तर पैसे बँकेतून आले की क्रेडिटमधून, हे काउंटरवर सहज लक्षात येत नाही. तीन हजारांच्या बिलामागे खात्यात साठ-सत्तर रुपये कमी जमा झालेले दिसतात, तेव्हा समजतं.