व्ही२२ म्हणजे गरोदर बाई का मोटरसायकलची धडक?

लातूरकडच्या एका दवाखान्याचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमधे घालायचं काम मागं आमच्याकडं आलतं. एक्सेलच्या शीटमधे एक कॉलम, वर नुसतं 'डायग्नोसिस कोड', अन् एका बाईच्या नावापुढं व्ही२२.१. आमच्या टूलनं गुमान वाचलं आणि दाखवलं की बाई मोटरसायकलवर मागं बसली होती, दुसऱ्या गाडीला धडकून जखमी. खरं म्हणजे ती दुसऱ्या खेपेला गरोदर, रेग्युलर तपासणीला आलती. आयसीडी म्हणजे आजारांच्या कोडांची जगभर चालणारी यादी, तिच्या नवव्या आवृत्तीत, आयसीडी-९ मधे, व्ही२२ म्हणजे नॉर्मल गरोदरपण, दहाव्या आवृत्तीत, आयसीडी-१० मधे, तोच व्ही२२ मोटरसायकलचा अपघात. टूलला कोड दिला पण कोणत्या वहीतला ते सांगितलंच नव्हतं.

हे असं कामून झालं हे बघायला लई मागं जावं लागतं. ही यादी मुळात आजाऱ्यांची नव्हतीच, मेलेल्यांची होती. १८५३ ला ब्रसेल्सला आकडेवारीवाल्यांची परिषद भरली, तिनं इंग्लंडचे विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन ह्या दोघांना सांगितलं की मरणाच्या कारणांची सगळ्या देशांना चालेल अशी यादी करा, तर दोघांनी दोन वेगळ्याच याद्या आणल्या. म्हणजे भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मंग १८९३ ला शिकागोत पॅरिसच्या जाक बर्तियाँनी आपली यादी मांडली ती चालली (गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख पटवायची पद्धत काढणारा आल्फोन्स हा त्यांचाच भाऊ, घरात सगळ्यांना वर्गवारीचंच वेड दिसतंय). १९०० पासून साधारण दर दहा वर्षांनी ती सुधारायचं ठरलं.

१९४८ च्या एप्रिलमधे, म्हणजे आपण इकडं अजून निजामाच्याच राज्यात होतो तेव्हा, पॅरिसला सहावी आवृत्ती ठरली, जागतिक आरोग्य संघटनेनं यादी ताब्यात घेतली आणि मरणाबरोबर आजारपणंबी तिच्यात आली.

खरी गोची नववी आणि दहावी आवृत्ती. नवव्यात कोड आकड्यांचे, कॉलरा म्हणजे ००१ (एक्सेल पुढची शून्यं खाऊन नुसता १ ठेवतं, ती वेगळीच डोकेदुखी). अक्षर फक्त दोन पुरवण्यांना, बाहेरून झालेल्या इजेला ई आणि तपासणी-गरोदरपण वगैरेला व्ही. १९९० ला मंजूर झालेल्या दहाव्यात जागा पुरंना म्हणून प्रत्येक कोडाच्या पुढं अक्षर लावलं, अन् व्ही गेला वाहनांच्या अपघाताला, ई गेला शुगर-थायरॉइडला. अमेरिका तर आपली वेगळी नववी २०१५ च्या सप्टेंबरपर्यंत वापरत बसली.

बरं नुसतं 'आयसीडी-१०' लिहूनबी भागत नाही. डेंगूचा कोड आधी ए९०, नंतर संघटनेनं तो काढून ए९७ केला, अमेरिकेच्या दहाव्यात मात्र ए९० च राहिला.

टूलवाल्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. एचएल-७ (दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना डेटा पाठवायचं स्टँडर्ड) च्या जुन्या मेसेजमधे डायग्नोसिसच्या ओळीत कोडासोबत कोडिंग सिस्टमचं नाव द्यायची सोय होतीच, लोक रिकामी सोडायचे एवढंच. २०११ ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी सुरू केलेल्या फायरमधे (आगीशी संबंध नाही, डेटाचं स्टँडर्ड आहे) कोडासोबत सिस्टमचा पत्ता, आवृत्ती आणि वाचायचं नाव अशा जागा आहेत, एकाच आजाराला आयसीडी आणि स्नोमेड (डॉक्टरी शब्दांची दुसरी एक कोडयादी) दोन्हीचे कोड शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि वर डॉक्टरनं लिहिलेले शब्द जसेच्या तसे. मला विचाराल तर ही शेवटची जागाच लाखमोलाची. आपल्याकडं केसपेपरवर 'पान लागलं' लिहून येतं, म्हणजे साप चावला. आयसीडी-१० मधे त्याला विषाचा टी६३.० आणि साप कसा भेटला त्याचा एक्स२० असे दोन कोड लागतात अन् फॉर्ममधे खाना एकच, मंग एक कोड जातोच, निदान शब्द तरी राहतात.

आपल्या देशानं २०१३ ला इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची मानकं काढली, २०१६ ला सुधारली, २०१४ ला स्नोमेडचं सदस्यत्व घेतलं, पुण्याच्या सी-डॅकमधून त्याचं काम चालतं आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन फायरवरच उभं आहे. तेवढ्यात २०२२ च्या जानेवारीपासून आयसीडी-११ लागू झाली, तिच्यात व्हायरल कावीळ म्हणजे १ई५०, आणि एक्सेलला ते एकावर पन्नास शून्यं वाटतात!

आमच्या त्या शीटचं शेवटी काय झालं, तर दवाखान्याच्या जुन्या ऑपरेटर काकांना फोन लावला. ते म्हणले, "व्ही दिसला की बायांच्या ओपीडीचं समजा, पण सॉफ्टवेअर बदललं त्या दिवाळीपर्यंतच हां." मंग सगळ्या ओळी तारखेवरून दोन भागात तोडल्या आणि प्रत्येकीपुढं सिस्टमचं नाव हातानं भरत बसलो.