कपडे वाळवण्याचा घरगुती ड्रायर : वापर, देखभाल आणि सुरक्षितता

धुऊन पिळलेल्या कपड्यांत उरलेले पाणी गरम हवेने उडवणारे घरगुती यंत्र. आडव्या अक्षाभोवती फिरणारा ड्रम, हवा तापवणारा हीटर, ती खेचणारा पंखा आणि कपड्यांतून सुटणारे तंतू अडवणारी जाळी हे त्याचे मुख्य भाग. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या पिळायच्या टबलाही ड्रायर म्हणतात. तो नुसता वेगाने फिरून पाणी फेकतो, कपडे तापवत नाही. त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

कोरडे असताना सहा किलो भरणारे सुती कपडे चांगल्या यंत्रात वेगाने पिळले, तरी त्यांत साधारण तीन लिटर पाणी राहते. एवढ्या पाण्याची वाफ करायलाच सुमारे दोन युनिट उष्णता लागते. ही वाफ वाहून नेणारी हवा ड्रममधून सतत जात राहिली पाहिजे. हवेची वाट मोकळी असेल तर हीटरची उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. वाट अडली की तीच उष्णता यंत्रात साठू लागते. ड्रायरची बहुतेक दुखणी, आगीसकट, इथूनच सुरू होतात.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन येथे राहणाऱ्या जॉर्ज सॅम्प्सन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२ मध्ये चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे पेटंट घेतले. फिरत्या ड्रमचे विजेवरचे ड्रायर तिथल्या बाजारात १९३० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते मध्यमवर्गीय घरांत पोचले.

प्रकार

अमेरिका आणि कॅनडात प्रामुख्याने व्हेंटेड ड्रायर दिसतो. तो खोलीतली हवा आत घेतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि दमट झालेली हवा चार इंची डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळातून, घराबाहेर टाकतो. विजेवरच्या यंत्राला तिथे २४० व्होल्ट, ३० अँपिअरची स्वतंत्र लाइन दिलेली असते. गॅसवर चालणाऱ्या यंत्रात ज्वलनाचा धूरही त्याच डक्टने बाहेर जातो, त्यामुळे डक्ट तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. हा वायू रंगहीन आणि वासहीन असल्याने अशा घरात त्याची सूचना देणारा अलार्म असायलाच हवा.

कंडेन्सर ड्रायर हवा बाहेर टाकत नाही; ती थंड करून तिच्यातले पाणी टाकीत किंवा मोरीत सोडतो. हीट पंपाचा ड्रायर फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरच्या मदतीने वाफेतली उष्णता परत मिळवून तीच पुन्हा वापरतो. तो वेळ जास्त घेतो, पण कमी तापमानावर चालतो आणि वीज निम्म्याच्या आसपास खातो. स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच नव्या विक्रीसाठी जवळजवळ याच प्रकाराचा आग्रह धरला. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांमुळे नव्याने बाजारात येणारे घरगुती ड्रायर व्यवहारात हीट पंपाचेच उरले आहेत.

आग कशी लागते

प्रत्येक वाळवणीत कपड्यांतून बारीक तंतू झडतात. जाळीवर साचणारा, कापसासारखा मऊ राखाडी थर तो हाच. त्याला लिंट म्हणतात. सुती लिंट म्हणजे पिंजलेला, खडखडीत वाळलेला कापूस असल्यामुळे त्याला पेट घ्यायला वेळ लागत नाही. जाळी त्यातला बराचसा भाग अडवते, सगळा नाही. निसटलेला भाग डक्टमध्ये, ड्रमच्या कडांच्या फटींतून यंत्राच्या तळाशी आणि मोटार-हीटरच्या आसपास बसतो. डक्टमधला थर वाढला की हवा कमी वाहते. कपडे दमटच निघतात, म्हणून माणूस यंत्र पुन्हा लावतो. आता हवा कमी आणि हीटरचा वेळ दुप्पट अशी स्थिती होते. तापलेल्या कॉइलवर तंतूंचा एखादा पुंजका पडून पेटला, तर पंखा त्याची ठिणगी डक्टमध्ये खेचतो आणि तिथे जळायला सामग्री आधीच रचून ठेवलेली असते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, तेव्हा तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला अंदाजे २,९०० आगी लागत असल्याचे दिसले. त्यांत दरवर्षी सुमारे ५ मृत्यू, १०० जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचे नुकसान होत होते. साफसफाई न करणे हे सर्वांत मोठे कारण होते. ३४ टक्के आगी त्यामुळे लागल्या. सर्वाधिक आगी जानेवारीतल्या, म्हणजे ऐन थंडीतल्या.

यंत्रात तापमान आवरणारा थर्मोस्टॅट आणि यंत्र फार तापले की वीज तोडणारा थर्मल फ्यूज असतो. फ्यूज उडाला की बहुतेकदा दोष फ्यूजचा नसतो, हवेची वाट तुंबलेली असते. नुसता नवा फ्यूज घालून निघून जाणाऱ्या मेकॅनिकला आधी डक्ट उघडून दाखवायला सांगावे. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून यंत्र चालू करून देणे हा तर निव्वळ अविचार.

डक्ट

व्हेंटेड ड्रायर घेताना लोक यंत्राची चौकशी करतात, डक्टची करत नाहीत. अमेरिकेतील आदर्श निवासी बांधकाम संहितेनुसार डक्ट गुळगुळीत धातूचा, चार इंच व्यासाचा आणि सर्वसाधारणपणे ३५ फुटांपर्यंतच असावा लागतो. वाटेत काटकोनात वळणारा साधा बाक आला तर प्रत्येक बाकापोटी त्यातले ५ फूट वजा होतात. म्हणजे तीन वळणे घेतलेला डक्ट प्रत्यक्षात २० फुटांपलीकडे जाता कामा नये. जोडांना आतपर्यंत घुसणारे स्क्रू मारायचे नाहीत, कारण त्यांच्या टोकांना लिंट अडकते. भिंतीबाहेरच्या तोंडाला जाळीही बसवायची नाही. पक्षी येऊ नयेत या हेतूने लावलेली जाळी महिन्याभरात तंतूंनी बुजते. त्याऐवजी हवेच्या जोराने उघडणारी आणि यंत्र थांबल्यावर मिटणारी झडप लावतात. यंत्र चालू असताना बाहेर जाऊन ही झडप नीट उघडते का, हे पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी आहे. झडप अर्धवट उघडी राहिली तर मात्र आत पक्षी घरटे करतात.

यंत्रापासून भिंतीपर्यंतचा लवचीक तुकडा प्लॅस्टिकचा किंवा पातळ फॉइलचा नसावा. प्लॅस्टिक वितळते आणि पेटते. फॉइलच्या चुण्यांत लिंट साठते आणि यंत्र मागे ढकलताना ती चेपते. जुन्या घरात भाड्याने राहायला गेलेल्यांनी यंत्र पुढे ओढून हा तुकडा एकदा पाहून घ्यावा. नोकरीनिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ड्रायर बहुधा घराबरोबरच मिळतो आणि आधीच्या भाडेकरूंचे लिंटही त्यात असू शकते.

देखभाल

जाळी प्रत्येक वाळवणीला साफ करायची, यात सवलत नाही. थर बोटांनी सोलून निघतो, पाणी लागत नाही. मऊपणासाठी ड्रममध्ये सुगंधी कागद टाकण्याची सवय असेल, तर जाळीवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट पापुद्रा चढतो. जाळी नळाखाली धरावी. पाणी सरळ खाली न जाता वर साचले, तर भांड्याच्या साबणाने मऊ ब्रशने घासून, पूर्ण वाळवून परत बसवावी. जाळी फाटली असेल तर नवी येईपर्यंत यंत्र लावू नये.

डक्ट वर्षातून किमान एकदा लांब दांड्याच्या ब्रशने साफ करतात. रोज कपडे वाळवणाऱ्या घरात त्याहून लवकर. त्या आधीच करण्याची वेळ आल्याच्या खुणा ओळखता येतात : नेहमीचा जथा एका फेरीत न वाळणे, यंत्राचा वरचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापणे, करपट वास, आणि धुण्याची खोली दमट होणे. यंत्राच्या आत साचलेले लिंट काढायला पत्रा उघडावा लागतो. ते काम प्लग काढून, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

कंडेन्सरच्या यंत्राला डक्ट नसतो म्हणून देखभाल नसते, असा समज आहे आणि दुकानदार तो खोडून काढत नाहीत. पाण्याची टाकी दर वेळी रिकामी करावी लागते, काढता येणारा कंडेन्सर ठरावीक काळाने नळाखाली उलटसुलट धरून धुवावा लागतो, हीट पंपाच्या यंत्रातल्या पातळ पत्र्यांवरचे तंतू मऊ ब्रशने काढावे लागतात. काही यंत्रे हे काम स्वतःच करतात, तरी त्यांचीही जाळी साफ करावी लागतेच. टाकीतले पाणी फरशी पुसायला चालते, पिण्याला नाही. कपडे दमट असतानाच यंत्र ‘झाले’ म्हणून थांबत असेल, तर ड्रममधल्या ओलावा मोजणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या पुसून पाहाव्यात. त्यांवर चढलेला साबणाचा किंवा सॉफ्टनरचा थर त्यांना फसवतो.

काय घालू नये

पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन लागलेले कपडे धुतल्यावरही ड्रायरमध्ये घालायचे नाहीत. फोम-रबराच्या उशा, रबरी तळाची पायपुसणी, प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या वस्तू यांचेही तेच. खिशातला लायटर आधी शोधावा.

तेलाचा धोका मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. खाद्यतेलातील असंपृक्त घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून उष्णता निघते. दोरीवर पसरलेल्या फडक्यातली ही उष्णता हवेत विरते. तेच फडके ड्रायरमधून गरम काढून ढिगात दाबले, तर ढिगाच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढते, क्रिया आणखी वेगाने होते आणि काही तासांनी, कुणी जवळ नसताना, ढीग आपोआप धुमसू लागतो. मालिश केंद्रे आणि उपाहारगृहांचे टॉवेल असे पेटल्याच्या घटना घडल्या आहेत. जवसाचे तेल यात सर्वांत वाईट. करडई, सूर्यफूल, सोयाबीन आणि तीळही धोक्याची. खोबरेल बहुतांशी संपृक्त असल्याने कमी धोक्याचे आहे. बाळाच्या मालिशीचे पंचे, दिवाळीच्या अभ्यंगानंतरचे टॉवेल आणि ओट्यावरची तेलकट फडकी गरम पाण्यात जादा पावडर घालून धुवावीत आणि दोरीवरच वाळवावीत.

यंत्राच्या शेवटच्या काही मिनिटांत हीटर बंद असतो आणि नुसती हवा फिरते. हा थंड होण्याचा टप्पा याच कारणासाठी असतो. घाई म्हणून तो मध्येच तोडू नये. तोडलाच तर कपडे लगेच बाहेर काढून पसरावेत.

कपड्यांच्या आतल्या चिठ्ठीवर चौकोनातले वर्तुळ हे ड्रायरचे चिन्ह आहे. एक ठिपका असेल तर ६० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन ठिपके असतील तर ८० पर्यंत. फुली असेल तर ड्रायर नको. पैठणी, जरीकाठ, रेशीम आणि लोकर यांना चिठ्ठी नसली तरी फुली आहे असेच समजावे. गोधडी वरून कोरडी लागते, आतले थर ओले राहतात. ती यंत्रात न घातलेली बरी.

महाराष्ट्रात

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दोऱ्या घरात येतात, पंख्याखालच्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि ड्रायरचा विचार तेव्हाच सुचतो. इथल्या फ्लॅटमध्ये डक्टची सोय बांधकामात नसते. व्हेंटेड यंत्राचा पाइप खिडकीतून बाहेर काढावा लागतो. तो खोलीतच सोडला तर ते तीन लिटर पाणी भिंतींवर जाते आणि बुरशी धरते. धुणे-वाळवणे एकत्र करणाऱ्या यंत्रांत वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. पूर्ण जथा धुऊन तसाच वाळवायला लावला की कपडे दमट आणि चुरगळलेले निघतात, म्हणून निम्मे बाहेर काढून ठेवावेत. अशी काही यंत्रे वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरतात, हे पाणीकपातीच्या शहरात विकत घेण्याआधीच विचारून घ्यावे.

वीजजोडणी अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरूनच हवी. एक्स्टेन्शन बोर्ड, गीझरबरोबर वाटून घेतलेला पॉइंट, ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला अ‍ॅडॉप्टर यांतले काहीही चालणार नाही. तासभर पूर्ण भाराने वीज खेचणारे यंत्र सैल पिनेला वितळवते. प्लग हाताला गरम लागला तर वायरमनला बोलवावे.

दोष यंत्रातच असेल तर

नीट सांभाळूनही यंत्र धोक्याचे असू शकते. व्हर्लपूल कंपनीच्या एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ दरम्यान बनलेल्या काही ड्रायरांत तंतू हीटरवर पडण्याची शक्यता होती. हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा अशा नावांनी ती ब्रिटनमध्ये पन्नास लाखांहून अधिक विकली गेली होती. कंपनीने २०१५ मध्ये इशारा दिला, पण दुरुस्ती होईपर्यंत यंत्र समोर बसून वापरायला हरकत नाही, असे सांगितले. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिम लंडनमधील शेपर्ड्स कोर्ट या बहुमजली इमारतीत अशाच ड्रायरने पेट घेतला. २०१७ मध्ये सल्ला बदलून ‘प्लग काढा, वापरू नका’ असा झाला आणि प्रत्यक्ष परत मागवणी २०१९ मध्ये सुरू झाली. घेतलेल्या यंत्राचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक कंपनीकडे नोंदवून ठेवण्याचा फायदा अशा वेळी होतो. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने तो क्रमांक आधी तपासावा.

घरी कुणी नसताना किंवा सगळे झोपले असताना ड्रायर चालू ठेवू नये. लहान मुले ड्रममध्ये शिरतात, म्हणून दार नेहमी लावलेले आणि चाइल्ड लॉक घातलेले असावे. आतून धूर दिसला तर दार उघडू नये, कारण आत जाणारी ताजी हवा आग भडकवते. वीज मेन स्विचवरून तोडावी, पाणी ओतू नये, खोलीचे दार ओढून घेऊन सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. आग आपोआप विझलेली वाटली तरी अग्निशमन दलाच्या माणसांनी पाहिल्याशिवाय कपडे बाहेर काढू नयेत; ढिगाच्या आत निखारा राहिलेला असू शकतो.